हस्तलिखितांचा ग्रंथपाल : निवड आणि घडण

ग्रंथपाल म्हटले की ग्रंथांची देवघेव पाहणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. हस्तलिखितांच्या संग्रहात मात्र एवढे पुरत नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७), तसेच तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय हे असे संग्रह होत.

छापील ग्रंथाचे नाव, कर्ता व प्रकाशनवर्ष सुरुवातीच्या पानांवरच मिळते. पोथीत ही माहिती बहुधा अखेरच्या पुष्पिकेत असते. कधी तीही नसते. शकवर्षात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळतो. परंतु पेशवेकालीन मोडी पत्रात ‘छ’ या खुणेपुढे अरबी महिन्याची तिथी येते. ती ओळखता आली नाही, तर कालनिर्णय चुकतो आणि कागद भलत्याच नोंदीखाली जातो. असा कागद संग्रहात असूनही अभ्यासकाला सापडत नाही.

तुटवडा का?

विसाव्या शतकात मोडी शालेय शिक्षणातून व सरकारी व्यवहारातून गेली. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधरास लिपीचा परिचय नसतो आणि लिपी जाणणाऱ्यास तालिकीकरण अवगत नसते. जाहिरात मात्र दोन्ही गोष्टी एकाच उमेदवाराकडून मागते. परिणामी जागा रिक्त राहते आणि दफ्तरे बांधलेलीच राहतात.

निवड कशी करावी?

१. आवश्यक अर्हता व इष्ट अर्हता स्पष्टपणे वेगळ्या कराव्यात.

२. केवळ मुलाखतीवर विसंबू नये. उमेदवारापुढे एखादे जुने पान ठेवून त्याचे वाचन व वर्णन करून घ्यावे.

३. दोहोंपैकी एक कौशल्य पक्के असल्यास नियुक्ती द्यावी व दुसरे ठरावीक मुदतीत शिकवावे. अनुभवी वाचक निवृत्त होण्यापूर्वीच नवा सहकारी त्यांच्या हाताखाली यावा. कारण हस्ताक्षरांची ओळख पुस्तकापेक्षा सहवासाने अधिक होते.

अट शिथिल करणे म्हणजे ती सोडून देणे नव्हे. मुदतीअखेर पुन्हा परीक्षा घेतली नाही, तर तडजोड कायमची होऊन बसते.

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या कामाच्या जवळच आहात. मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासामुळे जुन्या भाषेची जाण तुम्हांला येतेच. तिला मोडीचा सराव व पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण यांची जोड द्यावी लागेल.

स्वयंअध्ययन प्रश्न : हस्तलिखितांच्या ग्रंथपालासाठी तुम्ही कोणती अर्हता आवश्यक व कोणती इष्ट ठरवाल? सकारण लिहा.