महाशीर-उबवणीतील जिवाणूरोग व स्वच्छता

एके काळी संकटग्रस्त गणल्या गेलेल्या दख्खनी महाशीराची (टॉर खुद्री) कृत्रिम पैदास लोणावळ्यास १९७० च्या दशकात सुरू झाली. अशा उबवणीत एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचे भय विशेष. गोड्या पाण्यात तो सर्वत्र असतो. त्याचे समूळ उच्चाटन अशक्यच. दाटी, कुजके अन्न व प्राणवायूची उणीव यांनी दुर्बळ झालेल्या पिलांत मात्र तो रक्तस्राव व व्रण उत्पन्न करितो. महाशीराची अंडी तळाशी बसतात व सुमारे ३ ते ४ दिवसांत फुटतात. तेवढ्या अवधीत पांढरे पडलेले एखादे मृत अंडे बुरशी-जिवाणूंचे घर बनून शेजारची अंडीही नासविते. यास्तव मृत अंडी रोज वेचणे, जाळी निर्जंतुक करणे व पाणी वाहते ठेवणे अगत्याचे. प्रतिजैविकांचा मार्ग सोपा खरा, पण तितकाच घातक; कारण ही पिले पुढे जलाशयांत सोडली जातात आणि औषधास न जुमानणारे जिवाणूही त्यांजबरोबर तेथे पोहोचू शकतात.