अंधाराचे अभय

दिवस माणसाचा आणि रात्र श्वापदांची, अशी एक अलिखित वाटणी पृथ्वीवर फार काळ चालत आली आहे. ती स्नेहभावातून झालेली नाही. दिवसा माणसाची नजर चुकविणे कठीण, म्हणून अनेक प्राण्यांनी चरणे, पाणवठ्यावर येणे, पिलांना हिंडविणे ही कामे अंधारावर सोपविली. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या गोष्टीला आकड्यांचा आधार दिला. सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीची ७६ संशोधने एकत्र तपासली असता, माणसाचा वावर जेथे वाढला तेथे प्राण्यांचे रात्रीचे व्यवहार सरासरी १.३६ पटींनी वाढल्याचे आढळले. माणूस बंदूक घेऊन आला काय आणि नुसता फिरावयास आला काय, प्राण्याच्या लेखी फरक फारसा नव्हता. दिवस सोडून रात्रीच्या आश्रयास गेलेल्या या जिवांचा तोही आडोसा आता शिकाऱ्याच्या बंदुकीवर चढविलेली एक दुर्बीण दूर करीत आहे.

ही दुर्बीण दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात चांदण्यांचा अंधूक प्रकाश हजारो पटींनी वाढवून डोळ्यापुढे हिरवट चित्र उभे केले जाते. दुसऱ्या प्रकाराला प्रकाशाची गरजच नसते. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात, तांबड्या रंगाच्या पलीकडे, तापमापी ठेवली आणि तेथे काहीही दिसत नसताना पारा वर चढला. हेच अवरक्त किरण. प्रत्येक उबदार शरीरातून ते सतत बाहेर पडत असतात. साध्या काचेतून हे उष्णतेचे किरण पार होत नाहीत, म्हणून या दुर्बिणीचे भिंग जर्मेनियमसारख्या पदार्थाचे करावे लागते. त्यातून पाहिले की थंड गवतात बसलेले हरिण राखेतल्या निखाऱ्यासारखे उठून दिसते. अंधारात पाहण्याची ही विद्या दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन आणि अमेरिकन बंदुकांवर आली, व्हिएतनामच्या युद्धात तिचा विस्तार झाला, आणि पुढे स्वस्त होत होत ती सामान्य शिकाऱ्याच्या हाती पोहोचली.

शिकारीच्या समर्थकांचा आजवरचा युक्तिवाद आत्मसंयमाच्या पायावर उभा होता. प्राण्याला निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, तरच ती शिकार, अन्यथा ती कत्तल, असे शिकारीच मानीत आले. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लब निशादर्शक आणि उष्णतादर्शक साधनांच्या साहाय्याने मारलेल्या प्राण्याची आपल्या विक्रमांत नोंद करीत नाही. जर्मनीच्या संघीय शिकार कायद्यातही कृत्रिम प्रकाश आणि रात्री नेम धरण्याची विद्युत साधने यांना मूळची मनाई आहे. हे निर्बंध शिकारीच्या विरोधकांनी लादलेले नाहीत. ती शिकाऱ्यांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा आहे.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. २०१४ साली पोलंडमध्ये शिरलेली आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ जर्मनीच्या सरहद्दीशी येऊन ठेपली. डुकरांचा संहार करणाऱ्या या रोगावर औषध नाही, आणि रानडुकरे तो दूरवर नेतात. २०१७-१८ च्या एका हंगामात जर्मनीत आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली, तरी संख्या आटोक्यात येईना. अखेर २०२० च्या प्रारंभी शस्त्रकायदा सैल करून परवानाधारक शिकाऱ्यांना अशी साधने बाळगण्याची मुभा देण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतात पहिले रोगग्रस्त रानडुक्कर मृतावस्थेत सापडले. ज्या शेतकऱ्याचा गोठा धोक्यात आहे, त्याला शिकारीच्या शिष्टाचाराची प्रवचने ऐकविण्यात अर्थ नाही.

परंतु निकडीच्या उपायाचा खेळ होण्यास वेळ लागत नाही, हे अमेरिकेत दिसून आले. तेथील रानटी डुकरांचे पूर्वज १५३९ साली हर्नांडो द सोटो या स्पॅनिश साहसवीराच्या मोहिमेबरोबर फ्लॉरिडात उतरले. पुढे शिकारीच्या हौसेपायी ती मुद्दाम नव्या प्रदेशांत नेऊन सोडण्यात आली. आज टेक्सासमध्ये उष्णतादर्शक दुर्बिणीतून रात्री डुकरे मारणे हा पैसे देऊन उपभोगण्याचा छंद झाला आहे. याउलट मिझूरी राज्याच्या संवर्धन विभागाने २०१६ साली आपल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीलाच बंदी केली. कारण साधे होते. दोन डुकरे मारली की उरलेला कळप पांगतो आणि नव्या ठिकाणी वाढू लागतो. पिंजरा लावून सारा कळप धरला, तरच उपद्रव संपतो. ज्याला डुकरे संपावयास हवी आहेत तो पिंजरा लावतो, आणि ज्याला शिकार हवी आहे तो दुर्बीण विकत घेतो.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. उष्णतादर्शक दुर्बीण ऊब दाखविते, ओळख पटवीत नाही. दूरवरचा तो पांढुरका ठिपका रानडुक्कर आहे, चुकलेले वासरू आहे की वाकून बसलेला माणूस, हे ठरविण्याचे काम शेवटी बंदूकधाऱ्याच्या विवेकाकडेच राहते. दशरथाने रात्रीच्या अंधारात केवळ पाण्याच्या आवाजावर बाण सोडला आणि तो श्रावणाला लागला. राजाचे शब्दवेधी कौशल्य अचूक होते. चूक झाली ती नेमात नव्हे, निर्णयात.

हाच डोळा इतरत्र प्राण वाचवितोही. जर्मनीत उन्हाळ्याच्या तोंडी कुरणे कापण्यापूर्वी पहाटे ड्रोनमधून गवत न्याहाळले जाते. हरणाचे पाडस धोका दिसला की पळत नाही, दडून निश्चल राहते, आणि त्यामुळे यंत्राच्या पात्याखाली सापडते. उष्णतेवरून ते शोधून बाजूला ठेवता येते. केनियातील मासाई मारा येथे २०१६ पासून वनरक्षक अशाच कॅमेऱ्यांनी रात्री चोरटे शिकारी हुडकू लागले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौशी शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. परंतु पिकाची राखण करीत माळ्यावर रात्र काढणारा शेतकरी आहे, आणि माणसांवर हल्ले करणारा बिबट्या किंवा वाघही आहे. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीच्या शोधासाठी उष्णतादर्शक ड्रोन आणले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मारली गेली. नंतर जो वाद उसळला तो साधनांविषयी नव्हता. गोळी कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या नियमाने झाडली, हा त्याचा विषय होता.

म्हणून प्रश्न दुर्बिणीवर सरसकट बंदी घालण्याचा नाही. रोगाला किंवा उपद्रवाला आळा घालावयाचा असेल, तर ते काम उत्तरदायी यंत्रणेने, ठरावीक मुदतीत, हिशेब देऊन करावे, आणि त्याला क्रीडेचे नाव देऊ नये. आणि ज्यांना शिकार ही क्रीडा म्हणून हवी आहे, त्यांनी निदान रात्र तरी प्राण्यांना परत करावी. दिवस माणसाने आधीच घेतला आहे.