नाण्यांची प्रतवारी : साष्टीच्या कृष्णराज-रूपकांवरून कांहीं विचार

१. नाणकसंग्राहकांत अलीकडे एक नवी रीत रूढ होत आहे. नाणें एखाद्या व्यावसायिक प्रतवारी-संस्थेकडे पाठवावयाचें. तिनें तें पारखून त्यास अंक द्यावयाचा व पारदर्शक डबींत बंद करावयाचें. आणि पुढें बाजारांत त्या अंकावर किंमत ठरावयाची. ही रीत इतिहाससंशोधनास कितपत उपकारक आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. नाणें तिऱ्हाइताकडून पारखून घेणें आपणांस नवें नाहीं. मराठी राज्यांत वसुलाचा पैसा पोतदार पारखीत असे. नाना टांकसाळींचे रुपये एकाच पेठेंत चालत व वजन, कस आणि झीज पाहून सराफ त्यांवर बट्टा कापीत. मात्र ती परीक्षा मुख्यतः धातूची होती; हल्लींची परीक्षा मुख्यतः रूपाची आहे. अमेरिकेंतील विल्यम शेल्डन यानें इ. स. १९४९ त तेथील जुन्या मोठ्या सेंटांसाठीं १ पासून ७० पर्यंत अंकांची पद्धति सुचविली. इ. स. १९८६ व १९८७ त तेथें निघालेल्या दोन संस्थांनीं ती डबीबंद नाण्यांस लावली व तेथून ती सर्वत्र पसरली.

३. या रीतीचा मोठा गुण असा कीं, विकणारा व घेणारा दोघेही हितसंबंधी असतां निर्णय तिसरा देतो. श्रीशिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाचें उदाहरण घ्यावें. अस्सल होन फार विरळ, म्हणूनच बनावट होनांस पेव फुटलें आहे. ओतीव नाण्याच्या अंगावरील बारीक छिद्रें, कडेवरील सांध्याची रेघ, वजनांतील तफावत या गोष्टी अनुभवी पारख्याच्या नजरेंतून सहसा सुटत नाहींत. नवशिक्या संग्राहकाचें द्रव्य यानें वांचतें व खोटा पुरावा संशोधनांत शिरत नाहीं. एवढा उपकार मान्य केलाच पाहिजे.

४. परंतु अंक म्हणजे नाण्याचें ऐतिहासिक मोल नव्हे. ज्या साष्टी बेटावर अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें वसलीं आहेत, तेथें व मुंबई बेटांत कृष्णराज नामक राजाचीं चांदीचीं लहान नाणीं सांपडलीं आहेत. एका बाजूस राजाचें मुख. दुसरीकडे बसलेला नंदी व त्याभोंवतीं राजास परममाहेश्वर म्हणणारा ब्राह्मी लेख. प्रथम विद्वानांनीं हा राजा राष्ट्रकूट वंशांतील कृष्ण मानिला. पुढें तो सहाव्या शतकांतील कलचुरि कृष्णराज ठरला. नाशिकजवळील अंजनेरीच्या कलचुरि संवत् ४६१, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटांत 'कृष्णराज-रूपक' या नाण्याचा उल्लेख आहे. अर्थात् राजाच्या मागें सुमारें दीडशें वर्षें हें नाणें व्यवहारांत होतें. तेव्हां त्याची झीज हा केवळ दोष नसून दीर्घ चलनाचा पुरावा आहे. प्रतवारींत मात्र त्याच झिजेनें अंक उतरतो.

तसेंच स्थळाचें. घारापुरीस कृष्णराजाचीं नाणीं सांपडल्यामुळें तेथील लेणें सहाव्या शतकांतील मानणाऱ्या पक्षास बळकटी आली. तीं कोठें सांपडलीं हें नोंदलें नसतें, तर कितीही उंच अंकानें हा उपयोग झाला नसता.

५. दुसरें उदाहरण जोगळटेंभीचें. नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं इ. स. १९०६ त नहपानाचीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला होता. रूपाच्या दृष्टीनें पाहिल्यास त्या ठशानें मूळ मुद्रा बिघडली; परंतु सातवाहनांनीं क्षहरातांस जिंकल्याची साक्ष तोच ठसा देतो.

शिवाय यंत्रानें पाडलेल्या नाण्यांसाठीं योजिलेलें माप हातानें ठोकलेल्या नाण्यांस जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. शिवराईचा ठसा पुष्कळदां चकतीहून मोठा असे. त्यामुळें अक्षर कडेबाहेर गेलें, कीं झिजून गेलें, हें आधीं ओळखावें लागतें.

६. म्हणून संग्राहकांस सूचना इतकीच कीं, नाणें डबींत जाण्यापूर्वीं त्याचें वजन, व्यास, दोन्ही बाजूंचीं व कडेचीं छायाचित्रें, सांपडल्याचें स्थळ आणि मिळाल्याची रीत लिहून ठेवावी. अंक वाढेल या आशेनें नाणें घासूं नये. शंभर वर्षांहून जुनें नाणें इ. स. १९७२ च्या पुरावस्तु-कायद्यान्वयें खासगी व्यक्तीस परदेशीं नेतां किंवा धाडतां येत नाहीं. तेव्हां तें प्रतवारीसाठीं अमेरिकेस पाठविण्याचा मार्ग बंदच समजावा. उपनगरांत इमारतींच्या पायांचें खोदकाम अखंड चालू आहे. त्यांत निधि सांपडल्यास इ. स. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. आणि तो वांटला जाण्यापूर्वीं त्याची एकत्र यादी होणें इतिहासाच्या दृष्टीनें अत्यंत आवश्यक आहे. प्रतवारीचा दाखला त्या यादीस जोडावा. यादीच्या ठिकाणीं त्यास मानूं नये.