पिस्तुलाची स्प्रिंग : मोठा आकडा म्हणजे चांगली असं नसतं!

बीजीएमआयमधलं 'पी१९११' तुम्ही वापरलं असेलच. खरं एम१९११ पिस्तूल जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलं आणि अमेरिकी लष्कराने ते १९११ मध्ये स्वीकारलं. त्याची रिकॉइल स्प्रिंग जुनी झाली तर नवी कोणती घ्यायची? मला आधी वाटायचं, जितकी कडक तितकी भारी, बॅटरीच्या एमएएचसारखं. पण इथे ते लॉजिक चालत नाही.

गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते आणि रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. मग दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि नवी गोळी आत जाते.

पाच इंची बॅरल आणि .४५ एसीपी गोळी असेल तर साधारण १६ पाउंडांची स्प्रिंग असते. म्हणजे स्लाइड पूर्ण मागे असताना सुमारे सव्वासात किलोचा जोर.

याहून फार हलकी टाकली तर स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते आणि पार्ट लवकर झिजतात. फार कडक टाकली तर स्लाइड पूर्ण मागे जातच नाही. रिकामं काडतूस अडकतं. स्वसंरक्षणासाठी ठेवलेलं पिस्तूल नेमकं गरजेच्या वेळी जाम झालं तर?

म्हणून सुरुवात कंपनीने दिलेल्या आकड्यापासून करायची. गोळी जास्त दमदार असेल तर थोडी कडक, सौम्य असेल तर थोडी हलकी. बॅरल आखूड असेल तर त्याच मॉडेलची स्प्रिंग घ्यायची, लांब स्प्रिंग कापून बसवायची नाही.

थोडक्यात, स्प्रिंग 'पॉवरफुल' नको, जुळणारी हवी.