चौपाटीवरचे ऊन आणि आपला कूलर

तुमसरच्या माणसाला उन्हाचे काय सांगायचे, असे आम्हांला पुष्कळजण म्हणतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, वैनगंगेच्या वाळूत डांगरवाड्या, डोक्याला दुपट्टा; सारे अंगवळणी पडलेले. म्हणूनच सुट्टीत मुंबईला, कोकणात नातेवाइकांकडे गेलेली आपली कुटुंबे भर दुपारी मुलाबाळांसह चौपाटीवर बसतात. "इथे तर फक्त 34 आहे!"

हा हिशेब चुकतो. आपल्या घरचा कूलर आठवा. इथे तो खोली गार करतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झटपट उडून जाते. तोच कूलर मुंबईत लावला तर खोली नुसती दमट होते. आपले शरीरही घामाच्या कूलरवरच चालते. समुद्राकाठी घाम वाहतो, पण वाळत नाही. आणि वाळला नाही तर अंग गार होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्यावरील समारंभानंतर 14 जण दगावले. त्या दिवशी त्या भागातला पारा 40 च्याही खाली होता.

शिवाय वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, आणि वाळू व पाणी ऊन उलटे अंगावर फेकतात. छत्रीखालीही चेहरा भाजतो.

तेव्हा दुपार घरात आणि चौपाटी असरनंतर. कडक उन्हाळ्यात जुहरची नमाज ऊन जरा उतरल्यावर अदा करावी, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. इबादतीत मिळालेली सवलत सहलीत का घेऊ नये? बुरखा सैल, सुती, फिकट रंगाचा असावा. परद्यासाठी काळे नायलॉनच हवे, असे आम्हांला वाटत नाही. घरातील बुजुर्ग ब्लडप्रेशरच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. 108 ला फोन करावा आणि गाडीची वाट न पाहता सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा. बाईमाणूस असेल तर इतर बायकांनी चादरीचा आडोसा धरून बुरखा लगेच काढावा. इथे संकोचात मिनिटे जातात आणि तीच मोलाची असतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, झमझमही नाही.