संघ म्हातारा झाला, हे ठरवणार कोण?

कळंबा तलावाच्या बांधावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत आमच्या ओळखीचे आठ-दहा जण आहेत. कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणी एमआयडीसीत नोकरीला. सगळ्यांनी चाळिशी ओलांडलेली. कॉलेजपासून ही मंडळी एकत्र बास्केटबॉल खेळत आली आहेत. गेल्या सीझनला पहिल्याच फेरीत त्यांचा संघ गारद झाला आणि तेव्हापासून बांधावर एकच वाद चालू आहे. पुढच्या सीझनला नाव द्यायचे की नाही? वस्तीतली पोरं तोंडावर म्हणतात, "काका, आता बास की! गुडघं वाजाय लागल्यात."

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वस्तीचा हा एकच संघ आहे. तो मोडला तर त्या कोर्टवर आपली पोरं हक्काने जातील कशी? म्हणून थोडा इतिहास पाहू.

१९६९ साली अमेरिकेत हाच प्रश्न बोस्टन सेल्टिक्स या संघाला विचारला जात होता. त्या संघाचा आधारस्तंभ बिल रसेल तेव्हा ३५ वर्षांचा होता. सॅम जोन्सही ३५ चाच. साखळीत ४८ विजय आणि ३४ पराभव अशी कामगिरी करून संघ आपल्या विभागात चौथा आला. जाणकारांनी त्याला मोडीत काढले होते. अंतिम फेरीत समोर लॉस एंजेलिस लेकर्स होते. त्यांच्याकडे चेंबरलेन, वेस्ट आणि बेलर असे तीन दिग्गज. सातव्या आणि निर्णायक सामन्याआधी लेकर्सने विजयोत्सवासाठी छताला फुगेसुद्धा बांधून ठेवले होते. ५ मे १९६९ रोजी सेल्टिक्सने तो सामना १०८-१०६ असा जिंकला. फुगे छतालाच राहिले!

रसेल हा कृष्णवर्णीय होता. १९६१ साली केंटकीत एका हॉटेलात सहकारी कृष्णवर्णीय खेळाडूंना जेवण नाकारले गेले, तेव्हा त्याने त्यांच्यासह सामन्यावर बहिष्कार टाकला. १९६६ साली तो या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला. म्हणजे १९६९ ला तो खेळतही होता आणि संघ चालवतही होता. त्या साखळीत त्याची सरासरी सामन्याला दहा गुणांच्याही आतली; पण रिबाउंड १९ च्या वर. गुण मिळवण्याचे काम त्याने इतरांवर सोपवले आणि स्वतः बचाव सांभाळला. पळायला २९ वर्षांचा हॅवलिचेक होता. त्या विजेतेपदानंतर रसेल आणि जोन्स दोघेही निवृत्त झाले. पुढच्या सीझनला सेल्टिक्सने फक्त ३४ सामने जिंकले आणि ते प्लेऑफमध्येही पोहोचले नाहीत. म्हातारा संघ जिंकू शकतो, हे खरे. पण वारस तयार नसेल तर दुसऱ्याच वर्षी घर रिकामे होते, हेही तितकेच खरे.

सॅन अँटोनियो स्पर्सने वेगळी वाट काढली. २०१३ ची अंतिम फेरी ते सातव्या सामन्यात हरले. संघ संपला, असे बोलले गेले. पुढच्या सीझनला प्रशिक्षकांनी एकाही खेळाडूला साखळीत सरासरी ३० मिनिटे खेळवले नाही. २०१४ ला त्याच मायामी संघाला त्यांनी ४-१ असे हरवले. तेव्हा डंकन ३८ चा आणि जिनोबिली ३६ चा होता. पण अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा कवाय लेनर्ड! बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे जुन्या माणसाला विश्रांती देऊन मोक्याच्या क्षणी उतरवता येते. या खेळाचा हा नियमच वयस्कर संघाचा खरा मित्र आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. चांभार समाजात जन्मलेले पलवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ३५ व्या वर्षी ११४ बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात चहा मिळायचा तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू चालायचा, हात चालायचा नाही! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली ४४ व्या वर्षी त्यांना संघातूनही वगळले. त्यांचे वय झाले होते, हे मान्य करू. मग धाकटे बंधू विठ्ठल यांचे काय? ते तर ऐन भरात होते. तरी कर्णधारपद देताना त्यांनाही डावलले गेले. विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे चक्रे फिरली. बाळू उपकर्णधार म्हणून परतले. पुढे विठ्ठल कर्णधार झाले आणि १९२३ साली संघाने विजेतेपद मिळवले. बाळूंचा राजकीय मार्ग पुढे चुकला. १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून ते हरले. पण मैदानावरचा त्यांचा लढा त्यामुळे पुसला जात नाही.

यातून काय घ्यायचे? "म्हातारा झाला" हा शब्द नेहमी गुडघ्यांविषयीच असतो असे नाही. कधी तो गुणी माणसाला बाजूला सारण्याचे निमित्त असतो, तर कधी स्वतःहून बाजूला न होणाऱ्या माणसाला दिलेला रास्त इशारा असतो. फरक ओळखायची कसोटी एकच. त्या माणसाच्या जागी कोण येतो आहे, आणि त्याला कोणी घडवले?

त्याच १९२० च्या मार्चमध्ये, कळंब्यापासून फार लांब नाही अशा माणगावला परिषद भरली होती. राजर्षी शाहू महाराज ४५ वर्षांचे होते. हाती सत्ता होती, मान होता. त्यांनी २८ वर्षांच्या डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून समाजाला सांगितले की, तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. आपल्या अमलात असलेला माणूस दुसऱ्याच्या हाती नेतृत्व असे सोपवतो, याला मोठे मन लागते. दोनच वर्षांनी, १९२२ ला, महाराज गेले. वारस मात्र उभा राहिला होता.

म्हणून बांधावरच्या मित्रांना आमचे सांगणे आहे. पुढच्या सीझनला नाव जरूर द्या. पण बारा जणांच्या यादीत सहा जागा वस्तीतल्या पोरांच्या असू द्या. सुरुवात त्यांना करू द्या, शेवटची पाच मिनिटे तुम्ही उतरा. कर्णधार पोरांतला करा आणि तो चुकला तर मैदानाबाहेर आल्यावर सांगा. आणि पोरांनो, काकांचे गुडघे वाजतात हे खरे; पण चेंडू कुठे पडणार हे त्यांना तुमच्याआधी कळते. ते शिकून घ्या.

असा संघ पुढच्या सीझनला करंडक जिंकेल? कदाचित नाही. पण त्याच्या पुढच्या सीझनलाही तो मैदानात असेल. ज्यांना शतकानुशतके मैदानाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी ही गोष्ट करंडकापेक्षा लहान नाही.