डिस्क बदलायची की घासून घ्यायची? आधी जाडी मोजा!



मागच्या बॅचमध्ये वाईचा एक तरुण होता. स्वतःचं गॅरेज सुरू करून त्याला आठ महिने झाले होते. त्याचा प्रश्न असा होता, "सर, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं म्हणून एक गाडी आली. मी नवीन डिस्क टाकायला सांगितल्या, तर गिऱ्हाईक म्हणालं, 'पलीकडचा बाराशेत लेथवर घासून देतो, तू लुटतोस.' गेलं निघून. मग पुढच्या गाडीला मी डिस्क घासून दिल्या. दोन महिन्यांत ती गाडी परत आली, तीच थरथर घेऊन. माझं नक्की चुकलं कुठे?"

मी त्याला एवढंच विचारलं, "दोन्ही गाड्यांच्या डिस्कची जाडी किती होती?"

तो गप्प बसला. एकाही गाडीची जाडी मोजलेली नव्हती.

मित्रांनो, गॅरेज टाकायचं तुमच्या डोक्यात असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. आणि तुमचा धंदा वेगळा असला तरी वाचा, कारण "दुरुस्त करू की नवीन टाकू" हा प्रश्न मोबाइल, पंप, मिक्सर दुरुस्त करणाऱ्यालाही रोज पडतो.

डिस्क करते काय?

ब्रेक दाबला की पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडीचा वेग कमी होतो आणि त्या वेगाची उष्णता होते. ही उष्णता आधी डिस्कचं लोखंड पोटात घेतं, मग हवेत सोडतं. म्हणजे डिस्कचं वजन हीच तिची उष्णता झेलायची ताकद.

आता वाईचंच उदाहरण घ्या. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येताना गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. माणसांसकट १,२०० किलो वजनाच्या गाडीचा हिशोब मांडला, तर ही ऊर्जा ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून गाडी वीसपेक्षा जास्त वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. यातला काही भाग इंजिन आणि हवा अडवते. पण ड्रायव्हर न्यूट्रलवर किंवा वरच्या गियरमध्ये उतरत असेल, तर बहुतेक भार ब्रेकवर येतो. डिस्क पातळ झालेली असेल तर ती लवकर तापते, पॅडची पकड कमी होते, डिस्कला तडाही जाऊ शकतो. म्हणून हा बाराशे की चव्वेचाळीसशे एवढाच सवाल नाही. त्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब बसलेलं असतं.

पहिलं काम: मोजणं

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर बहुतेक वेळा 'मिन टीएच' अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा असतो. ही कंपनीने ठरवलेली कमीत कमी जाडी. गंजाने आकडा दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजाने ठरवू नका.

मोजायला मायक्रोमीटर वापरा. वापरलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली कड उभी राहते. साधा व्हर्नियर त्या कडेवर टेकतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत, गोलाकार सहा ते आठ ठिकाणी मोजा. त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. लहान गाड्यांना ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर पुरतो, मोठ्या गाड्यांना त्याच्या वरचा लागतो.

या मापांमध्ये आपसात फरक किती आहे तेही बघा. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा पॅडलवर आणि स्टिअरिंगवर जाणवू शकतो. लोक म्हणतात "डिस्क वाकली". बऱ्याचदा ती वाकलेली नसते, एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ झालेली असते.

पर्याय दोन नाहीत, तीन आहेत

समजा, नवीन डिस्क २२ मिलिमीटरची आहे आणि तिची किमान जाडी २० आहे.

पहिली गाडी: जाडी २१.३, पृष्ठभाग गुळगुळीत, थरथर नाही, फक्त पॅड संपलेत. इथे काहीच करू नका. नवीन पॅड टाका. "पॅड बदलले की डिस्क घासायचीच" ही सवय गिऱ्हाइकाच्या डिस्कचं आयुष्य फुकट खाते.

दुसरी गाडी: जाडी २१.१, थरथर आहे, हलके चर पडलेत. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.२ काढलं की २०.७ उरते. म्हणजे पुढे झिजायला ०.७ शिल्लक. इथे घासणं योग्य.

तिसरी गाडी: जाडी २०.४, थरथर आहे. तेवढंच घासलं तर बरोबर २० उरते. आज गाडी पास, पण नवीन पॅड लागताच ती मर्यादेखाली जाणार. इथे नवीन डिस्कच.

लक्षात ठेवा, २० हा आकडा घासून तिथपर्यंत पोचण्यासाठी नाही. तिथे पोचली की डिस्क भंगारात. घासल्यावर पुढच्या झिजेला जागा उरलीच पाहिजे.

जाडी भरपूर असली तरी काही डिस्क घासायच्या नाहीत. तडा गेलेली, आतल्या हवेच्या फटी गंजून खाल्लेली, खोल चर पडलेली आणि जास्त तापून निळे डाग पडलेली. निळ्या डागांखाली लोखंड कडक झालेलं असतं. वरून घासलं तरी तो कडक भाग आत राहतो आणि काही दिवसांनी तिथेच पुन्हा उंचवटा येतो.

आणि काम एका चाकाचं करू नका. एकाच अॅक्सलच्या दोन्ही डिस्कना सारखी ट्रीटमेंट द्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते.

थरथर परत का आली?

आपल्या वाईच्या मित्राच्या दुसऱ्या गाडीचं काय झालं असेल? जाडी मोजलेली नसल्याने शंभर टक्के सांगता येणार नाही. पण अशा केसमध्ये नेहमी तपासायच्या जागा आहेत.

हबवर गंज किंवा कचरा असेल तर डिस्क सरळ बसत नाही. ती फिरताना किंचित डोलते, पॅडला एकाच जागी घासते आणि हळूहळू तिथे पातळ होते. म्हणून हब साफ करा, डिस्क नटांनी आवळा आणि डायल गेज लावून फिरवून बघा. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचीच सूट असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

चाकाचे नट एअर गनने कसेही आवळले तरी डिस्कवर ताण येतो. टॉर्क रेंच घ्या आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना अडकल्या असतील तर एक पॅड जास्त झिजलेला दिसेल. त्या मोकळ्या केल्याशिवाय नवीन डिस्कही टिकणार नाही.

लेथवरून आलेली डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, लोखंडाची भुकटी निघून जाते. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने काढा.

आता पैशांचा हिशोब

हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा, जोडी घासायला गिऱ्हाइकाचे १,२०० रुपये जातात आणि ती २५,००० किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरला ४.८ पैसे. नवीन जोडी ४,४०० रुपयांची, ती ६०,००० किलोमीटर चालते. म्हणजे सुमारे ७.३ पैसे. इथे घासणं स्वस्त. पण पातळ डिस्क घासली आणि ती १०,००० किलोमीटरच चालली, तर किलोमीटरला १२ पैसे. वर गिऱ्हाइकाला नवीन डिस्क घ्यावीच लागते ती वेगळी.

तुमच्या बाजूने बघा. घासण्यात तुम्हाला ४०० सुटतात, नवीन डिस्कमध्ये ७००. फरक ३०० रुपयांचा. एक गाडी परत आली तर दोन तास रॅम्प अडकतो, मजुरी फुकट जाते आणि ते गिऱ्हाईक चार जणांना सांगतं. तीनशे रुपयांसाठी निर्णय फिरवणं परवडत नाही, कोणत्याच दिशेने.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?

"साहेब, डिस्क गेली" असं म्हणू नका. त्यांना गाडीजवळ बोलवा. कोरलेला आकडा दाखवा, त्यांच्यासमोर मायक्रोमीटर लावा. "साहेब, कंपनी म्हणते २० च्या खाली चालवू नका. तुमची २०.४ आहे. घासली तर २० होईल, पुढे झिजायला काही उरणार नाही. म्हणून नवीन सांगतोय." मापं जॉबकार्डवर लिहा, फोटो पाठवा. दुसरी गाडी असेल तर तेवढ्याच स्पष्टपणे सांगा, "घासून चालेल, नवीनची गरज नाही." हे वाक्य ज्याने एकदा ऐकलं, तो पुढच्या वेळी तुमच्या "नवीन टाका"वर विश्वास ठेवतो.

आणि मर्यादेखालची डिस्क घासून द्या असा कुणी हट्ट धरला तर? हात जोडून नाही म्हणा. "साहेब, हे काम माझ्याकडून होणार नाही." बाराशे रुपये जातील, जाऊ द्या. ती गाडी उद्या घाट उतरणार आहे.

आपल्या मित्राने त्या आठवड्यात मायक्रोमीटर आणि डायल गेज घेतलं. जॉबकार्डवर त्याने एक रकाना वाढवला: कोरलेली जाडी, मोजलेली जाडी, गिऱ्हाइकाची सही.

तुमचा आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात "दुरुस्त की नवीन" हा निर्णय तुम्ही कोणत्या आकड्यावर घेता, तो एका ओळीत वहीत लिहा. आकडा सापडला नाही, तर उद्या दुकान उघडल्यावर पहिलं काम तेच.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!